कॅमेरे लागले, मग चोऱ्या घटल्या का?

मागच्या दिवाळीच्या गर्दीत माझा मोबाईल गेला. शर्टाच्या वरच्या खिशातून, संध्याकाळी सातच्या सुमारास. पोलिस ठाण्यात गेलो तर समोरच्या हवालदारांनी विचारलं, "चोरला का पडला? घेताना पाहिलं का तुम्ही?" पाहिलं नव्हतं. "मग गहाळ लिहा." नवं सिम घ्यायला कागद हवा होता, वाद घालायची ताकद नव्हती. गहाळ लिहून दिलं, शिक्का घेतला, घरी आलो. त्या वर्षी नागपुरात किती चोऱ्या झाल्या याचा जो आकडा छापून येईल, त्यात माझा मोबाईल नसणार.

दुसऱ्या दिवशी पानठेल्यावर ही हकीकत सांगितली तर ठेलेवाले भाऊ म्हणाले, "एवढे कॅमेरे लावले बाप्पा चौकाचौकात. चोऱ्या कमी झाल्या का नाही, हे कोणी मोजून राहिलं का?"

प्रश्न साधा वाटतो. पण 'मोजणं' या एका शब्दात दोन अवघड कामं दडली आहेत. पहिलं, गुन्हे खरंच किती झाले हे कळणं. दुसरं, ते घटले असतील तर कॅमेऱ्यामुळेच घटले हे ओळखणं. बहुतेक भाषणं आणि बातम्या ही दोन्ही कामं झालीच आहेत असं धरून चालतात.

आधी पहिलं काम. देशभरातले आकडे नॅशनल क्राइम रेकॉर्ड्स ब्युरो, म्हणजे एनसीआरबी, गोळा करते. २०११ च्या जनगणनेत २० लाखांच्या वर लोकसंख्या असलेल्या १९ महानगरांचे तक्ते ती वेगळे छापते. महाराष्ट्रातली मुंबई, पुणे आणि नागपूर त्यात आहेत. हे आकडे गुन्ह्यांचे नसतात, नोंदवलेल्या गुन्ह्यांचे असतात. फिर्यादी ठाण्यात गेला, ठाणेदाराने फिर्याद दखलपात्र मानली, एफआयआर फाटली, तर एक आकडा वाढतो. त्यातही एकाच एफआयआरमध्ये चार कलमं असली तर सगळ्यांत गंभीर तेवढंच मोजतात. खुनासोबत चोरीही झाली तर ते प्रकरण खुनाच्या रकान्यात जातं, चोरीच्या रकान्यात दिसत नाही.

मग दर काढतात, दर लाख लोकसंख्येमागे किती गुन्हे. भागाकारात खालचा आकडा कोणता? २०११ चा. नागपूरसाठी साधारण २५ लाख, कारण त्यानंतरची जनगणना अजून हाती आलेली नाही. बेसा, मनीषनगर, हुडकेश्वरकडे तेव्हापासून किती फ्लॅट उभे राहिले ते डोळ्यांनी दिसतं. समजा एका वर्षी १०० गुन्हे झाले. २५ लाखांनी भागलं तर दर ४ येतो, ३० लाखांनी भागलं तर ३.३. गुन्हेगाराने काही केलं नाही, पोलिसांनी काही केलं नाही, तरी शहर कागदावर जास्त वाईट ठरलं. दोन वेगाने वाढणारी शहरं शेजारी ठेवून 'कोण जास्त असुरक्षित' अशी यादी लावणाऱ्यांनी हे लक्षात ठेवायला हवं. 'क्राइम कॅपिटल' हा शब्द आपल्या शहराला चिकटवायची हौस राजकारणात जुनी आहे. गृहखातं गेल्या दहा-बारा वर्षांतला बहुतेक काळ दोन वेगवेगळ्या पक्षांच्या, पण याच जिल्ह्यातल्या नेत्यांकडे राहिलं, त्यामुळे हौसेला तोटा नाही.

आता एक उलटी गोष्ट. धोरण चांगलं असेल तर गुन्ह्यांचा आकडा वाढू शकतो. दिल्लीतल्या डिसेंबर २०१२ च्या सामूहिक बलात्काराच्या घटनेनंतर कायदा कडक झाला, तक्रार न नोंदवणाऱ्या पोलिसालाही शिक्षेची तरतूद आली. देशातल्या नोंदवलेल्या बलात्कारांची संख्या २०१२ मध्ये २४,९२३ होती, २०१३ मध्ये ३३,७०७ झाली. एका वर्षात समाज एवढा बिघडला, असा अर्थ कुणी काढला तर तो चुकेल. बायका बोलू लागल्या आणि ठाण्यांना लिहून घ्यावं लागलं, हा अर्थ जास्त पटण्यासारखा आहे. आपल्या शेजारच्या मध्य प्रदेशात तर हे रीतसर तपासलं गेलं. १८० पोलिस ठाणी निवडली, त्यांतल्या काहींना चिठ्ठ्या टाकून महिला मदत कक्ष दिले, काहींना दिले नाहीत. मदत कक्ष असलेल्या ठाण्यांत बायकांच्या तक्रारी जास्त नोंदल्या गेल्या. कक्ष चालला, म्हणून आकडा फुगला. तिथल्या एखाद्या पोलिस अधीक्षकाची बढती 'गुन्हे किती घटले' यावर ठरत असेल, तर त्याने असा कक्ष का उघडावा?

आणि आकडा कधी कधी नुसत्या हुकमानेही उडतो. सरकारी आदेश मोडल्याच्या गुन्ह्यांची संख्या देशात २०१९ मध्ये २९ हजारांच्या घरात होती, २०२० मध्ये ती ६ लाख १२ हजारांवर गेली. लॉकडाऊनमध्ये दूध आणायला निघालेला माणूसही त्यात आला. त्या वर्षी एकूण गुन्हे वाढलेले दिसतात, चोऱ्या आणि घरफोड्या मात्र घटलेल्या.

१ जुलै २०२४ पासून तर मोजपट्टीच बदलली. भारतीय न्याय संहितेत हिसकावून नेणं हा पहिल्यांदाच स्वतंत्र गुन्हा झाला. त्याआधी मंगळसूत्र ओढून नेलं तर ते कधी जबरी चोरीत लिहिलं जाई, कधी साध्या चोरीत. पाच हजार रुपयांपेक्षा कमी किमतीच्या मालाची चोरी आता अदखलपात्र आहे, म्हणजे तिची सरळ एफआयआर होत नाही. २०२३ च्या चोऱ्यांशेजारी २०२५ च्या चोऱ्या ठेवून 'घट' दाखवणारा तक्ता पाहिलात तर त्याला हा एक प्रश्न जरूर विचारा.

हे सगळं ऐकून कुणी म्हणेल, मग आकडे टाकूनच द्या. तसं नाही. काही आकडे इतरांपेक्षा टणक असतात. खून लपवणं कठीण, प्रेत सापडतं. दुचाकी चोरीही बऱ्यापैकी खरी नोंदली जाते, कारण विमा कंपनी एफआयआरशिवाय दमडी देत नाही. मोबाईलचं काय होतं ते मी सांगितलंच. घरगुती मारहाण, छेडछाड, खंडणी यांचे आकडे सगळ्यांत मऊ. धोरण तपासणारा शहाणा माणूस आधी टणक आकडे धरतो आणि जमलं तर घरोघरी जाऊन विचारतो, "गेल्या वर्षभरात तुमच्याकडे चोरी झाली का? झाली तर ठाण्यात गेलात का?" इंग्लंड आणि वेल्समध्ये असं सर्वेक्षण १९८२ पासून चालू आहे. आपल्याकडे दिल्ली-मुंबईसारख्या शहरांत अधूनमधून झालं.

टणक आकड्यांची एक अडचण मात्र असते. ते लहान असतात, आणि लहान आकडे आपोआप डुलतात. समजा एका शहरात वर्षाला सरासरी ८० खून होतात. काहीही बदललं नाही तरी दरवर्षी बरोबर ८० होणार नाहीत. कधी ७१, कधी ८८. ढोबळ हिशेब असा, की आकड्याचं वर्गमूळ काढा, त्याची दुप्पट करा, तेवढं वर-खाली होणं हा निव्वळ योगायोगही असू शकतो. ८० चं वर्गमूळ नऊच्या आसपास, दुप्पट अठरा. म्हणजे ६२ ते ९८ च्या मधलं काहीही आलं तरी नव्या आयुक्तांचं कौतुक किंवा निंदा करायची घाई करू नये. एका ठाण्याच्या हद्दीत हा खेळ आणखी फसवा होतो. सरासरी ४ खून होणाऱ्या हद्दीत ८ झाले तर 'खुनांचं प्रमाण दुप्पट' असा मथळा येतो. हिशेबाने ते डुलणंच असू शकतं.

यातून आणखी एक सापळा तयार होतो, आणि माझ्या मते सगळ्यांत जास्त धोरणं यातच अडकतात. ज्या भागात मंगळसूत्रं ओढायच्या घटना अचानक वाढतात तिथेच आपण बंदोबस्त लावतो. वाढ जर निम्मी योगायोगाची असेल तर ती पुढच्या दोन-तीन महिन्यांत आपोआप खाली येणारच. आली की श्रेय नाकाबंदीला. ताप चढला की डॉक्टरकडे जायचं आणि उतरला की औषधाचा गुण म्हणायचा, तसंच हे. औषध चांगलं असेलही, पण एवढ्यावरून ते कळत नाही.

आता दुसरं काम. 'धोरण नसतं तर काय झालं असतं?' हा सगळ्या मोजमापाचा गाभा. जे झालंच नाही ते पाहायचं कसं? शेतकऱ्याला याचं उत्तर माहीत असतं. वावरात नवं खत टाकलं आणि कापूस चांगला आला, तर तो लगेच खताचे गोडवे गात नाही. धुऱ्यापलीकडच्या वावरात डोकावतो. पाऊस तोच, माती तीच, खत नाही. तिथेही कापूस तेवढाच असेल तर खताचे पैसे पाण्यात.

शहरात धुऱ्यापलीकडचं वावर शोधायचं म्हणजे काय, ते एका काल्पनिक हिशेबाने पाहू. 'अ' भागात कॅमेरे लागले. आधीच्या वर्षी २०० दुचाक्या चोरीला गेल्या होत्या, नंतरच्या वर्षी १६०. वीस टक्के घट, हारतुरे. पण कॅमेरे न लागलेल्या, बाकी सगळं सारखं असलेल्या 'ब' भागातही त्याच काळात १५० च्या १३५ झाल्या. म्हणजे दहा टक्के घट कॅमेऱ्याशिवायच झाली, कदाचित एखादी टोळी आत गेली असेल, कदाचित लोक हँडललॉक लावू लागले असतील. तशीच घट 'अ' मध्ये झाली असती तर तिथे १८० उरल्या असत्या. झाल्या १६०. कॅमेऱ्याचं श्रेय ४० चं नाही, २० चं. अभ्यासक याला फरकातला फरक म्हणतात. अट एकच आहे, आणि ती कडक आहे: कॅमेऱ्याआधीची काही वर्षं दोन्ही भागांचे आकडे सोबत वर-खाली होत असले पाहिजेत. धरमपेठेची तुलना कळमन्याच्या बाजाराशी लावून चालणार नाही.

ऋतूचंही भान हवं. नागपूरचा मे महिना वेगळा असतो. माणसं गच्चीवर झोपतात, मुलांना सुट्ट्या लागल्या की घरं बंद करून गावाला जातात, आणि घरफोड्या करणाऱ्यांना हे आपल्यापेक्षा जास्त माहीत असतं. एप्रिल-मेची तुलना जुलै-ऑगस्टशी करून 'गस्त वाढवल्याने घरफोड्या कमी' म्हणणं म्हणजे पावसाळ्यात कुलर बंद केल्याचं श्रेय महावितरणला देणं. मेची तुलना मागच्या मेशी करायची, दीक्षाभूमीवरच्या धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या गर्दीची मागच्या वर्षीच्या त्याच गर्दीशी. आणि ही गर्दी विजयादशमीला जमते, म्हणजे तारीख दरवर्षी हलते, हेही धरून.

सगळ्यांत अवघड प्रश्न पोलिसांचाच. पोलिस वाढवले तर गुन्हे घटतात का? सरळ आकडे पाहिले तर उलटं दिसतं: जिथे पोलिस जास्त, तिथे गुन्हे जास्त. कारण उघड आहे, गुन्हे जास्त म्हणूनच तिथे पोलिस पाठवले. ही गाठ सोडवायला असा प्रसंग हवा, जिथे पोलिस वाढले पण गुन्ह्यांमुळे नाही. तसा प्रसंग ब्युनोस आयर्समध्ये आला. जुलै १९९४ मध्ये तिथल्या ज्यू केंद्रावर बॉम्बहल्ला झाला, ८५ माणसं मेली. त्यानंतर शहरातल्या ज्यू संस्थांसमोर चोवीस तास पोलिस उभे राहिले. ते दहशतवाद्यांसाठी होते, गाडीचोरांसाठी नव्हते. राफाएल डी टेल्ला आणि अर्नेस्टो शार्ग्रोदस्की या अर्थतज्ज्ञांनी पाहिलं, की पहारा असलेल्या ब्लॉकमध्ये गाडीचोऱ्या सुमारे ७५ टक्क्यांनी घटल्या. एक-दोन ब्लॉक पलीकडे मात्र काहीच फरक नाही. उभा पोलिस दिसतो तेवढ्याच अंतरात त्याचा धाक असतो.

हे वाचलं तेव्हा मला लगेच आपलं हिवाळी अधिवेशन आठवलं. दर डिसेंबरात बाहेरच्या जिल्ह्यांतून पोलिस येतात. सिव्हिल लाइन्स, विधानभवन, मोर्चे अडवायची टेकडी रोडसारखी ठिकाणं, सगळीकडे खाकीच खाकी. त्याच वेळी शहरातल्या ठाण्यांची माणसंही बंदोबस्ताला ओढली जातात, आणि कडेच्या वस्त्यांमधली रात्रीची गस्त विरळ होते. म्हणजे एकाच पंधरवड्यात मध्यभागी पोलिस वाढले, कडेला घटले, आणि दोन्ही गोष्टी चोरांमुळे नाही, आमदारांमुळे. याहून बरी प्रयोगशाळा कुठे मिळेल? वर आणखी एक योग. २०१८ मध्ये हिवाळी अधिवेशन मुंबईत झालं आणि पावसाळी इथे. ६ जुलैला विधानभवनात पाणी शिरून कामकाज थांबलं तेच ते अधिवेशन. त्यामुळे २०१७ आणि २०१९ चे डिसेंबर अधिवेशनाचे, मधला २०१८ चा बिनअधिवेशनाचा. तीन डिसेंबरांतल्या दुचाकी चोऱ्या आणि घरफोड्या, ठाणेवार आणि दिवसवार, शेजारी मांडायच्या. एकट्या २०१८ वर निकाल देता येणार नाही, पण हा अभ्यास एखाद्या एमएच्या विद्यार्थ्याला एका उन्हाळ्यात जमावा. २०२० आणि २०२१ ची हिवाळी अधिवेशनंही मुंबईतच झाली, मात्र तेव्हा करोना होता, ती वर्षं बाजूला ठेवलेली बरी.

आपल्या आसपास याहून मोठा प्रयोग होऊन गेला, तो दारूबंदीचा. वर्धा जिल्हा कित्येक दशकांपासून कोरडा. गडचिरोलीत बंदी १९९३ पासून. चंद्रपुरात ती १ एप्रिल २०१५ ला आली आणि २०२१ मध्ये उठली. उठवताना सरकारने अवैध दारू आणि त्यातून वाढलेली गुन्हेगारी हे कारण दिलं. बंदीच्या बाजूचे लोक म्हणाले, अंमलबजावणी कच्ची होती. या वादात पडण्याआधी एवढंच विचारावं, की कोणता गुन्हा वाढला? बंदीच्या आदल्या दिवशी परवान्याच्या दुकानातून बाटली घेणं हा गुन्हा नव्हता, दुसऱ्या दिवशी ती बाळगणं झाला. दारूबंदी कायद्याखालचे गुन्हे वाढणं हे बंदीचं अपयशही नाही आणि यशही नाही, ती व्याख्येची करामत आहे. ते रकाने झाकून ठेवायचे आणि मारहाण, खून, बायकोचा छळ, रात्रीचे अपघात हे पाहायचे. तेही चंद्रपूरचे एकटे नाही, शेजारच्या यवतमाळच्या सोबत, जिथे दुकानं चालूच होती. आणि बंदी आल्यावर जे बदललं ते बंदी उठल्यावर उलटं फिरलं का, तेही बघायचं. येताना आणि जाताना दोन्ही वेळा आकडा हलला तर दारूकडे बोट दाखवायला जागा आहे. एकदाच हलला तर कारण दुसरं शोधा.

धुऱ्याच्या पलीकडे डोकावताना एक खबरदारी घ्यावी लागते. अळी आपल्या वावरातून उठून शेजारच्या वावरात गेली असेल तर तुलनाच खोटी ठरते. तडीपारीचं तसंच आहे. एखाद्या गुंडाला दोन वर्षांपर्यंत शहराबाहेर काढता येतं. शहराचा आकडा सुधारेल, पण तो भंडाऱ्यात जाऊन तेच धंदे करत असेल तर विदर्भाच्या हाती काय लागलं? म्हणून तडीपारी तपासायची तर आयुक्तालयाच्या हद्दीबाहेरचे आकडेही जोडून घ्यावे लागतात. मात्र गुन्हा नेहमीच सरकतो असंही नाही. ठरावीक कोपऱ्यांवर गस्त केंद्रित केली तर आजूबाजूच्या गल्ल्यांतही थोडा फायदा होतो, असंच बऱ्याच अभ्यासांत दिसलं. चोरही आळशी असतो, ओळखीची जागा सोडून लांब जायला त्याला जिवावर येतं.

आता पानठेल्यावरच्या प्रश्नाकडे. नागपुरात स्मार्ट अँड सेफ सिटी प्रकल्पातून सुमारे ७०० चौकांत साडेतीन हजारांहून अधिक कॅमेरे लागले. जगभरच्या चाळीस वर्षांच्या अभ्यासांची गोळाबेरीज २०१९ मध्ये छापून आली. तिच्यानुसार कॅमेऱ्यांनी गुन्हे सरासरी १३ टक्क्यांनी घटतात. सर्वाधिक परिणाम वाहनतळांवर, हिंसक गुन्ह्यांवर ठोस परिणाम नाही. पटण्यासारखं आहे. ओळखीच्या माणसावर रागाने चाकू काढणारा वर कॅमेरा आहे का ते पाहत नाही. घरातल्या खुनाला तर चौकातला कॅमेरा साक्षीदारही नसतो. पण गुन्हा घडणं आणि उघडकीस येणं या वेगळ्या गोष्टी आहेत. कॅमेऱ्याने घडणं थांबलं नाही तरी आरोपी लवकर सापडत असेल तर तेही मोजावं, फक्त वेगळ्या रकान्यात.

नागपूरच्या कॅमेऱ्यांचा असा निकाल आता काढणं अवघड, कारण ते कुठे आधी लावायचे हे रहदारी आणि महत्त्व बघून ठरलं. गजबजलेले चौक आधी, म्हणजे तुलनेला त्यांच्यासारखे चौक उरलेच नाहीत. न्यूयॉर्कने २०१६ मध्ये दिव्यांच्या बाबतीत वेगळं केलं. सुमारे ८० सरकारी वसाहती काढल्या आणि त्यांतल्या निम्म्यांना चिठ्ठी टाकून प्रखर दिवे दिले. चिठ्ठीमुळे दोन्ही गट सारखेच. दिवे मिळालेल्या वसाहतींत रात्री घराबाहेर होणारे गंभीर गुन्हे सुमारे ३६ टक्क्यांनी कमी आढळले.

आपल्याकडेही सगळ्या अंधाऱ्या गल्ल्यांत एकाच वर्षी दिवे लावण्याइतका पैसा कधी नसतो. टप्पे पडतातच. मग टप्प्यांचा क्रम चिठ्ठीने ठरवायचा. ज्यांचा नंबर दुसऱ्या वर्षी, त्या पहिल्या वर्षापुरत्या धुऱ्यापलीकडचं वावर. जास्तीचा खर्च शून्य. एफआयआरमध्ये जागेचा अक्षांश-रेखांश लिहिला गेला पाहिजे, एवढीच जास्तीची मेहनत. ही कल्पना मी एका लग्नात शेजारी जेवायला बसलेल्या माजी नगरसेवकांना सांगितली. त्यांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं, सावजीचा रस्सा ओढला आणि म्हणाले, "चिठ्ठी टाका ना भाऊ, माझी काही ना नाही. फक्त आमचा प्रभाग पहिला निघाला पाहिजे."